‘चालत नाही’वर चाललेली हॉटेलं

बोईसर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की रिक्षांच्या गराड्यावरून नजर वर जाते आणि हॉटेलांच्या पाट्या दिसू लागतात. आत काय मिळतं याच्या बरोबरीनं काय मिळत नाही, हेही त्यांवर ठळक रंगवलेलं असतं. ‘शुद्ध शाकाहारी’. ‘जैन फूड मिळेल’. ‘व्हेज आणि नॉनव्हेज किचन स्वतंत्र’. पाटीवर ‘लंच होम’ असेल तर तिथं मासे मिळतात हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘परमिट रूम’ असेल तर पोराबाळांना घेऊन आत शिरण्याआधी ‘फॅमिली रूम’चा दरवाजा कुठून आहे ते पाहावं लागतं.

प्रवासातलं सगळ्यात जड सामान म्हणजे ताटासमोर नाक मुरडणारा सोबती. तो पाच वर्षांचा असेल आणि पिवळ्या वरणाखेरीज कशालाही हात लावत नसेल, नाहीतर पंच्याहत्तरीचा असेल आणि लसणाच्या नुसत्या वासानं उठून जात असेल. अशाला घेऊन पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात येणाऱ्याची निम्मी चिंता या पाट्याच मिटवतात. त्या अशा का झाल्या, याला मात्र दीडशे वर्षांचा इतिहास आहे. चवीनं खाणाऱ्यांनी इथली हॉटेलं वाढवली हे खरंच, पण ‘हे आम्हांला चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी ती त्याहून जास्त वाढवली.

रेल्वे येण्यापूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता, कारण बाहेरचं खायचंच नाही असा दंडक होता. प्रवासी आपला शिधा बरोबर घेई, धर्मशाळेत किंवा देवळाच्या आवारात तीन दगडांची चूल मांडी आणि आपलं आपण शिजवून खाई. ज्याला तेवढी सवड नसे त्याच्या फडक्यात दशम्या असत. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की सोवळ्याओवळ्याच्या कचाट्यातून ती बरीचशी सुटे, शिवाय दोन-तीन दिवस टिके. गुजराती वाण्याच्या डब्यात थेपल्यांनी आणि सुखडीनं हेच काम केलं. नखरेल प्रवाशाचा पहिला उपाय हा असा घरातूनच निघाला, आणि आजही गाडी विरार सोडते न सोडते तोच डब्यात थेपल्यांचा वास दरवळतो तो उगाच नाही.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला आणि सफाळे ते डहाणू हा सगळा किनारा मुंबईच्या आणि सुरतेच्या हाकेच्या अंतरावर आला. गाडी कुणाच्या सोवळ्यासाठी थांबणारी नव्हती. बाकावर शेजारी कोण येऊन बसेल हे प्रवाशाच्या हातात राहिलं नाही. घोटभर पाणी कुणाच्या हातचं प्यायचं, एवढं मात्र हातात राहिलं. म्हणून देशभरच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं झालं, मोठ्या स्टेशनांवर हिंदूंचं, मुसलमानांचं आणि युरोपियनांचं उपाहारगृह निरनिराळं झालं. रेल्वे कंपन्या नफ्यासाठी निघालेल्या होत्या, समाजसुधारणेसाठी नाही. गिऱ्हाईक ज्याला नको म्हणेल ते पलीकडे सरकवणं त्यांना सोयीचं होतं, आणि त्यांनी ते केलं.

आज हे अतिरेकी वाटतं. पण १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटं पुढे आली म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं संकट, आलं आणि प्रायश्चित्ताचा वाद गावभर झाला. शहाण्यासुरत्या पुण्यात एका कपाची ही कथा, तर फलाटावरच्या भटारखान्याकडे लोक कोणत्या नजरेनं पाहत असतील!

अशा कडक गिऱ्हाइकाला हॉटेलात आणायची युक्ती सापडली ती फराळात. परक्या हातचा भात चालत नसे, पण तळलेलं चालून जाई, दुधातलं चालून जाई, लाडू-चिवडा तर चालेच चाले. दादरला १९१० मध्ये सुरू झालेल्या मामा काण्यांच्या प्रसिद्ध उपाहारगृहाची जुनी पाटी ‘दक्षिणी ब्राह्मणाचे फराळाचे गृह’ अशी होती. पाटीत आधी स्वयंपाक्याची जात, मग पदार्थ. बोईसरची ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी या पाटीची नात शोभेल. जात पुसली गेली, हमी राहिली.

या किनाऱ्यावर हमी मागणारे फक्त हिंदूच नव्हते. पारशांचा इराणशाह अग्नी संजाणच्या पाडावानंतर बोर्डीजवळच्या बाहरोटच्या लेण्यांत काही वर्षं लपवून ठेवला होता, आणि १७४२ पासून तो इथून थोडं उत्तरेला उदवाड्यात आहे. त्याच्या दर्शनाला मुंबईहून जाणारे पारशी याच रुळांवरून जात. परधर्मीयानं रांधलेलं अन्न त्यांच्यातल्या धर्मगुरूंनाही वर्ज्य असे. तेव्हा उदवाड्याच्या धर्मशाळांत आणि हॉटेलांत पारशी हातचंच जेवण हवं, ही गोष्ट ओघानंच आली. तारापूरही पारशांचं जुनं गाव. विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी हे बंधू इथलेच. उत्तर कोकणातल्या जकातीच्या मक्त्यावर आणि कापसाच्या व्यापारावर मोठे होऊन त्यांनी पुढे निजामाच्या हैदराबादेत सावकारी पेढी थाटली. गावातली अग्यारी आणि मुंबईभर पसरलेलं तारापोरवाला हे आडनाव, या दोन खुणा अजून शिल्लक आहेत.

त्यांच्यानंतर आले ते इराणी. मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहाची हॉटेलं काढणाऱ्या या झरथुष्ट्री इराण्यांपैकी काहींनी डहाणू-घोलवडकडे जमिनी घेऊन चिकूच्या वाड्या केल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या वाड्यांचा वाटा आहे. इराण्याच्या हॉटेलाचं वैशिष्ट्य असं की तिथं कुणालाच कसली हमी मिळत नसे. कपबशी सगळ्यांना एक, टेबल सगळ्यांना एक, आणि काचेच्या कपाटात अंडी उघड मांडलेली. सोवळ्यातली मंडळी तिथं फिरकत नसत आणि बाकी सगळ्या जातिधर्मांची माणसं शेजारी शेजारी बसून ब्रून-मस्का खात. हॉटेल या प्रकाराला सार्वजनिक होण्याची सवय इराण्यानं लावली. कायदा त्याच्या मागून आला. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानं उपाहारगृहात आणि हॉटेलात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही मज्जाव करायला बंदी घातली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं अस्पृश्यतेपायी कुणाला दारात अडवणं शिक्षेस पात्र ठरवलं.

मधला मार्ग काढला उडुपीकरांनी. कांदा-लसूण नको म्हणणाऱ्यालाही चालेल आणि कुणाचीही जात विचारावी लागणार नाही, असं जेवण त्यांच्या मठातल्या परंपरेत तयारच होतं. माटुंग्यात १९४२ मध्ये रामा नायक यांनी ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ सुरू केलं. त्याच सुमारास आणि नंतर उडुपी हॉटेलं उपनगरांतून रेल्वेच्या काठाकाठानं पसरली. नखरेल पोराच्या आईबापांनी या मंडळींचे जाहीर आभार मानायला हवेत. इडली पांढरी असते, मऊ असते, तिखट नसते आणि तिच्यात काही ‘लपवलेलं’ नसतं. खाण्याचा संशय घेणाऱ्या पाच वर्षांच्या तज्ज्ञाला याहून जास्त काही पटत नाही.

पालघर-बोईसरचं ताट खऱ्या अर्थानं उलटंपालटं झालं ते मात्र तारापूरच्या अणुभट्टीनं.

भारत सरकारनं १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार केला, आणि अक्करपट्टीच्या खडकाळ किनाऱ्यावर देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभं राहू लागलं. जागा निवडण्यामागे हिशेब होता. थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी हवं, आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना वीज पोचवायला सोयीचं ठिकाण हवं. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन्ही अणुभट्ट्यांची व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. भात, मासे, वाडीतली भाजी आणि ताडी यांवर चालणाऱ्या या भागात एकाएकी अमेरिकन अभियंते आले, तुर्भ्याहून शास्त्रज्ञ आले, केरळ, तमिळनाडू, बंगाल, आंध्रातून तंत्रज्ञ आले. त्यांची वसाहत झाली, शाळा झाली, बाजार झाला.

वीज सगळ्यांना एकच लागते, भात मात्र एकच चालत नाही. केरळच्या माणसाला उकड्या तांदळाचा जाड भात आणि खोबरेल तेल हवं. तमिळ कुटुंबाला सांबाराची डाळ आणि फिल्टर कॉफी हवी. बंगाल्याची तर वेगळीच पंचाईत. पावलापावलावर मासे, पण सगळे खारे. समोर पापलेट असताना रोहूसाठी हळहळणारा माणूस पाहून सातपाटीच्या कोळणीनं कपाळावर हात मारला तर तिचं काय चुकलं? आणि इथल्यांना भात हवा तो वाडा कोलम, बारीक आणि सुवासाचा. त्यालाही २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चोखंदळपणा बाहेरून आला, असं म्हणण्यात अर्थ नाही. तो इथं होताच, फक्त त्याला इतके शेजारी नव्हते.

सत्तरच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत उभी राहिली. नाव तारापूरचं, वर्दळ बोईसरची. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कामगार आले. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह चालवायला सरकार भाग पाडू शकत असे. बोईसरच्या छोट्या छोट्या शेडमध्ये तेवढी माणसं कुठली? ती पोकळी मेसनी भरून काढली.

मेस हा प्रकार जवळून पाहण्याजोगा आहे. दोन खोल्यांची जागा, पत्र्याची शेड, बाहेर हात धुवायला पिंप. भिंतीला खिळ्यावर दोरीनं बांधलेली वही, तीत प्रत्येक जेवणाऱ्याचं नाव आणि दिवसागणिक फुल्या. पैसे महिन्याचे, पण एखाद्या दिवशी येणार नसाल तर आदल्या रात्री सांगायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वार. बुधवार, शुक्रवार, रविवार मांसाहाराचे. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेकांच्या उपासतापासाचे. मंगळवारी हनुमानाचे भक्त अंड्यालाही शिवत नाहीत. श्रावणात तर कोंबडी-मटणाचं गणितच कोलमडतं. चांगली मेसवाली बाई पंचांग पाहून बाजार करते. कुणाला काय चालत नाही हे तिला कुठंही लिहून ठेवावं लागत नाही. चाळीस जणांच्या आवडीनिवडी डोक्यात ठेवून ती दोन पातेल्यांत सगळं निभावते, आणि कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवलं जात नाही असं काहीतरी रोज दुपारी करून दाखवते. मुंबईत गिरणगावच्या खानावळवाल्या बायकांनी हेच केलं होतं. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बोईसरच्या बायकांच्या वाट्याला असं संघटन आलं नाही.

या सगळ्यात एक माणूस मात्र पाटीवर कधीच आला नाही. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारचा वारली, कोकणा, कातकरी. त्याची नागलीची भाकर, पहिल्या पावसात निघणारी शेवळं, करटोली, टाकळा यांतलं काही स्टेशनाजवळच्या हॉटेलात मिळत नाही. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तोवर त्याला ‘नको’ म्हणायचा अधिकारच नव्हता. हॉटेलात चोखंदळपणा चालतो तो खिशातल्या पैशावर. ज्याच्याकडे तो नव्हता, त्याची आवड कुणी विचारली नाही आणि नावडही विचारली नाही. रानभाज्या महोत्सवात शहरी पाहुणे शेवळांचे फोटो काढतात ते ठीक, पण बोईसरच्या एखाद्या हॉटेलवाल्यानं जून-जुलैत शेवळांची भाजी ताटात वाढायला घेतली तर त्याला खरं धाडस म्हणता येईल.

सरकारनंही ताटं लावून पाहिली. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली आणि गेली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, तीत दोन चपात्या, एक भाजी, भात आणि वरण. गंमत अशी की ज्या थाळीत निवडीला वावच नाही, ती नखरेल पोराला हमखास चालते. वरणभात पुढ्यात आला की त्याची तक्रार संपते.

महामार्गाची कहाणी निराळी. मनोर, चिल्हार फाटा, चारोटी, तलासरी अशा क्रमानं जाणारा जुना आठ नंबरचा, आताचा ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग मुंबई आणि अहमदाबाद यांना जोडतो, तेव्हा त्याच्यावरच्या हॉटेलांनी तोंड गुजरातकडे केलं यात नवल नाही. काठियावाडी ढाब्यावर शेव-टमाटर आणि बाजरीचा रोटला, शेजारी पंजाबी, पलीकडे ‘ओन्ली व्हेज’. जैन तीर्थांच्या भोजनशाळांत सूर्यास्ताच्या आत पानं उठतात. जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्ची केळी पडतात, कांदा-लसणाला थारा नसतो, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तवा वेगळा आहे का ते विचारतं. याच रस्त्यावर बारही पुष्कळ, कारण तलासरीच्या पुढे गुजरातची दारूबंदी सुरू होते. दोन टोकांचे नकार इतके जवळजवळ नांदतात असा रस्ता महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल.

किनाऱ्यावर उतरलं की ताट पुन्हा बदलतं. केळवे-माहीमच्या वाडवळांची वाडी म्हणजे नागवेल, केळी, नारळ आणि भाजी. त्यांची उकडहंडी, म्हणजे मडक्यात वाफेवर शिजलेले कंद आणि शेंगा, हिवाळ्यात खावी. सातपाटी हे पापलेटचं गाव. इथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था जुन्या आणि मातब्बर आहेत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला तो सातपाटीकरांना विशेष गोड लागला. काट्याला भिणाऱ्यासाठी पापलेटसारखा मासा नाही. मधला काटा सरळ उचलून बाजूला ठेवता येतो. बोंबलाचा काटा तर इतका मऊ की दाताखाली आलेला कळतही नाही. आयुष्यभर ‘मासे नको’ म्हणणाऱ्यांना रव्यात घोळून कुरकुरीत तळलेल्या बोंबलानं फितवल्याची उदाहरणं घरोघरी सापडतील.

अलीकडे या किनाऱ्यावर नवा चोखंदळ आला आहे. तो जातीचं विचारत नाही, वाराचं विचारत नाही. ‘हा मासा कुठला?’ असं विचारतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जातं, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. सोवळ्याच्या नकाराला हसता येतं. या नकाराला नाही, कारण त्याचं उत्तर हॉटेलवाल्याकडे नसतं, कारखानदाराकडे असतं.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी राज्याचा ३६ वा जिल्हा झाला आणि कचेरीच्या कामाला येणाऱ्यांची वर्दळ वाढली. आता पालघरच्या रस्त्यांवर थाळीपासून चायनीजच्या गाडीपर्यंत सगळं मिळतं, आणि ‘तिखट कमी’ म्हटल्यावर कुणी भुवया उंचावत नाही.

तेव्हा नखरेल सोबती घेऊन येणाऱ्यांना सांगणं इतकंच. केळव्याला घरगुती जेवायचं असेल तर सकाळीच फोन करून ताटं सांगून ठेवा, कारण तिथं माणसं मोजून रांधतात. लहान मूल बरोबर असेल तर बोईसर-पालघरला स्टेशनाजवळचं उडुपी हॉटेल गाठा. पाटी नीट वाचा आणि जे चालत नाही ते बसण्याआधी स्पष्ट सांगा, इथल्या वेटरला त्याचं काहीच वाटत नाही. आणि जूनमध्ये मासेमारी बंद झाली की ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका. तेव्हा ताटात येईल ते बर्फातलं असेल.